टब कुणाचा, घासणी कुणाच्या हाती?

मुंबईहून निघालेला रस्ता पेण ओलांडून वडखळच्या नाक्याशी आला की दुभंगतो. एक फाटा पोयनाडवरून अलिबागकडे वळतो. महामार्ग मात्र डोलवी, गडब, कासू, नागोठणे अशी गावे मागे टाकीत पुढे महाडकडे जातो. पहिल्या फाट्याच्या शेवटी, अलिबाग तालुक्याच्या किनारपट्टीवर, मुंबईच्या धनिकांचे बंगले आहेत. दुसऱ्या रस्त्यावरचे गडब हे आगरी-कोळ्यांच्या मुलखातले, खाडी, भातखाचरे आणि पोलाद कारखाना यांच्या शेजारचे गाव. 'टब' हा शब्द दोन्ही रस्त्यांवर वापरात आहे. गडबच्या घरात तो उच्चारला तर बहुधा कपडे भिजत घालण्याचा किंवा पाणी साठवून ठेवण्याचा प्लास्टिकचा टब पुढे येईल. किनाऱ्यावरच्या बंगल्यात त्याच शब्दाने माणूस आडवा पहुडेल एवढे पांढरेशुभ्र पात्र सूचित होते. या दोन टबांमध्ये जे अंतर आहे, तेच या लेखाचा विषय आहे.

पक्षाच्या साप्ताहिकात टब स्वच्छ कसा ठेवावा याची चर्चा करावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. जमीन, वेतन आणि महागाई यांचे प्रश्न उभे असताना न्हाणीघरात डोकावण्याचे कारण काय, असे ते विचारतील. परंतु न्हाणीघरात पाणी येते ते कुठल्या तरी धरणातून येते. तिथला मळ कुणाच्या तरी हातांनी निघतो. तो काढण्यासाठी वापरलेले द्रव्य कुणाच्या तरी छातीत जाते आणि मग सांडपाण्याबरोबर कुठल्या तरी ओढ्याला मिळते. पाणी, श्रम आणि आरोग्य या तिन्ही प्रश्नांवर आपण सभा घेत असू, तर ते तिन्ही जिथे एकत्र येतात ती पाच फूट लांबीची वस्तू आपल्या चर्चेतून वगळण्याचे कारण नाही.

आधी वस्तुस्थिती समजावून घेऊ. टब मळतो म्हणजे नेमके काय होते? अंगावरचे तेल, मृत त्वचा आणि साबण पाण्यात मिसळतात. पाणी जड असेल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची या क्षारांशी गाठ पडली की न विरघळणारा, चिकट, करड्या रंगाचा साका तयार होतो आणि पाण्याच्या पातळीच्या रेषेवर टबाच्या कडेने त्याचे वलय धरते. पाणी सुटून गेल्यावर उरलेले थेंब वाळतात व मागे चुन्याचे पांढरे ठिपके ठेवतात. दमट हवेत, जोडांमधल्या चिकट पट्टीवर, काळी बुरशी चढते. पाणी जाण्याच्या तोंडाशी केसांचा गुंता अडकतो. टबाला लागणारी सारी घाण ती एवढीच. तिच्यात गूढ असे काही नाही आणि प्रारंभी कठीण असेही काही नाही.

कारण हे पुट ओले असते तेव्हा ते साध्या फडक्याने निघते. आंघोळ आटोपल्यावर टबातून पाणी सोडावे, तांब्याभर स्वच्छ पाणी कडेने फिरवावे, मऊ सुती फडक्याने तळ व कडा पुसून कोरड्या कराव्यात, केस उचलून कचऱ्यात टाकावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. या कामाला दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा कपडे धुण्याच्या सौम्य साबणाचे पाणी आणि स्पंज पुरे होतो. चुन्याचे डाग धरलेच तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाण्यात मिसळून काही मिनिटे लावावा व लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. आपल्या आज्या तांब्याचा बंब आणि घंगाळ चिंचेने घासत, त्यामागचे तत्त्व हेच होते. सौम्य आम्ल क्षार विरघळवते आणि भांड्याला इजा करीत नाही. लोखंडावर काचेसारखा मुलामा दिलेला टब असेल तर मात्र आम्ल त्यावर फार वेळ राहू देऊ नये, मुलाम्याची चकाकी जाते. अ‍ॅक्रिलिकचा टब असेल तर खरखरीत पूड, तारेची घासणी आणि रंग काढण्याची द्रव्ये यांपासून त्याला दूर ठेवावे, कारण एकदा ओरखडा पडला की पुढचा मळ त्या ओरखड्यातच घर करतो. जोडांची चिकट पट्टी सुटली असेल तर ती काढून, जागा कोरडी करून, नवी भरावी. नाहीतर पाणी खाली झिरपून स्लॅब कुजतो. टबाची निगा म्हणजे इतकेच.

आता यातील मर्म पाहा. ही सारी निगा एका अटीवर सोपी आहे: ज्याने आंघोळ केली त्यानेच ती तत्काळ करावी. मळ ओला असेतो फडके पुरते. तो वाळला, दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर बसला, आठवडा उलटला, की फडक्याने काम भागत नाही. घासणी लागते, पुढे पूड लागते, अखेरीस अ‍ॅसिडची बाटली येते. दोन मिनिटांचे काम अर्ध्या तासाचे होते. आणि ते काम करणारा माणूसही या दरम्यान बदललेला असतो. न्हाणारा केव्हाच बाहेर पडून चहाला बसलेला असतो. वाकून घासणारी बाई दुसऱ्या घरातून, बहुधा दुसऱ्या गावातून आलेली असते. मळ ताजा असतो तोवर तो स्वतःचा असतो, वाळला की दुसऱ्याचा होतो. श्रमविभागणीवर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांतील एक मूलभूत सिद्धांत टबाच्या कडेवरच्या करड्या रेषेत वाचता येतो.

आठवड्याच्या अखेरीपुरत्या उघडणाऱ्या घरांत तर ही रेषा वाळण्याला पुरेसा अवधी मिळतो. रविवारी सायंकाळी मालक मुंबईला परततात. सोमवारी काम करणारी स्त्री येते तेव्हा कोरडे, घट्ट झालेले पुट तिची वाट पाहत असते. मालकांना पुढच्या शनिवारी पांढराशुभ्र टब हवा असतो आणि तिच्याजवळ तेवढ्याच वेळात साऱ्या घराचे काम असते. अशा वेळी जोरकस द्रव्याकडे हात जातो यात तिचा दोष कोणता? संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रव्य टबात ओतले जाते. डाग जात नाही म्हणून वर ब्लीचिंगचे पाणी ओतले जाते. आणि इथे गाठ मृत्यूशी आहे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने जो वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला, तो हाच. रणभूमीवर निदान वारा होता. न्हाणीघराची खिडकी वीतभर असते आणि पुष्कळदा ती बंदच असते. डोळे चुरचुरणे, खोकल्याची उबळ, छाती आवळणे ही त्याची पहिली लक्षणे. ती जाणवताच सारे टाकून बाहेर मोकळ्या हवेत आले पाहिजे, हे किती घरांत कामावर ठेवताना सांगितले जाते? ब्लीच आणि अमोनियायुक्त द्रव्य यांचे मिश्रणही असेच विषारी असते. बाटलीवरची सूचना बारीक अक्षरात आणि पुष्कळदा इंग्रजीत असते. जिने ती वाचावयाची, तिला ती वाचता येऊ नये अशीच जणू योजना असावी!

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची ओळख पाहावी, नोंद ठेवावी, अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकू नये, असे आदेश दिले. स्त्रियांवर होणाऱ्या अमानुष हल्ल्यांना आळा घालण्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु दुसऱ्याचे न्हाणीघर घासताना जी बोटे रोज थोडीथोडी सोलली जातात, त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. रबरी हातमोज्यांची जोडी ही वस्तू टबाच्या किमतीपुढे कस्पटासमान असते. तरीही टब असलेल्या प्रत्येक घरात ती असते असे कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

मग हे काम करावयाचे कुणी, याचे उत्तर आपल्या समाजाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे: घाण करणारे एक आणि ती काढणारे दुसरे. जातीच्या उतरंडीचा पाया याच उत्तरावर रचलेला आहे. त्याविरुद्धची एक झुंज याच कोकणात झाली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकामाची मागणी केली. ते ब्राह्मण, म्हणून ते काम त्यांना नाकारण्यात आले. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबर १९३२ मध्ये उपवास आरंभिला. घाण काढण्याचा हक्क मिळावा म्हणून उपवास करावा, हे ऐकून त्या काळी पुष्कळ लोक हसले असतील. पण त्या मागणीत खोल अर्थ होता. एखादे काम विशिष्ट जातीलाच चिकटवून ठेवले की त्या कामाची हत्यारे सुधारत नाहीत, त्याचे वेतन वाढत नाही, त्यातील धोका कुणाला दिसत नाही. ते सर्वांच्या हाती आले की सुधारणा आपोआप सुचू लागतात. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात संडासाची नवी, सोयीची पद्धत विकसित केली, ती याच अनुभवातून. ज्याला स्वतःचा टब स्वतः घासावयाचा आहे, तो पहिल्याच आठवड्यात खिडकी उघडी ठेवावयास आणि ओला मळ पुसावयास शिकेल, याविषयी आम्हाला शंका नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण टब रिकामा घासला जातो, पण भरूनच वापरला जातो. साधारण घरगुती टब भरावयास दीडशे ते तीनशे लिटर पाणी लागते. आपण दोनशे धरू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरविलेले प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. पिणे, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे, सारे त्यात आले. म्हणजे चार माणसांच्या खेडुती कुटुंबाचा दिवसभराचा सरकारमान्य वाटा २२० लिटर होतो आणि एका माणसाची एक टबभर आंघोळ जवळपास तेवढीच होते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर त्या आंघोळीत तेरा हंडे असतात. हंडा डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आणि हा हिशेब पेण तालुक्यात करावयाचा म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. इथे पाऊस कोसळतो तो धो धो कोसळतो. तरीही वाशी-शिर्कीच्या बाजूचा खारेपाट वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चे काढीत आला. भोवती खाडीचे खारे पाणी, विहिरी मचूळ, आणि उन्हाळा आला की टँकरची वाट. याच तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण उभे राहिले. त्याच्या पाण्याची वाट शेत बघत होते. पाण्याने नव्या मुंबईच्या परिसरातील सिडकोच्या वसाहतींची वाट धरली. शहरातील कष्टकऱ्यालाही पाणी हवे, याबद्दल वाद नाही. पण धरणाच्या पायथ्याचे शेत आणि खारेपाटाचा हंडा कोरडा ठेवून दूरच्या मनोऱ्यांतील टब भरावयाचे असतील, तर त्या व्यवस्थेला नियोजन म्हणता येणार नाही. लोकांना हे कळत नाही असे मानण्याचे कारण नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी आधी आमच्या शेताला पाणी द्या, अशी भूमिका घेतली आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या गावांत जनमत घेण्याची पाळी सरकारवर आली. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्या लढ्यात होते. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न शेतकऱ्याने मतपेटीपर्यंत नेऊन पोहोचविला, ही या मातीची कमाई आहे.

पाण्याच्या प्रश्नावर समाजवादी चळवळीला तर वेगळा उपदेश करण्याची गरज नाही. गोरेगावच्या वस्त्यांत नळ यावेत म्हणून झगडणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनीच 'पाणीवाली बाई' ही पदवी दिली. सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. आणि गडबवरून जाणारा हाच महामार्ग ज्या महाडला पोहोचतो, तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी कुणी घ्यावे हा प्रश्न त्या दिवशी ओंजळीने विचारला गेला. किती घ्यावे, हा त्याचाच पुढचा भाग आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. समाजवाद्यांना ऊन पाण्याचे सुखही खुपते काय? मुळीच नाही. दिवसभर राबलेल्या शरीराला गरम पाण्यात निवांत पडून राहण्याचा अधिकार धनिकापेक्षा अधिकच आहे. मोहेंजोदडोचे महास्नानगृह चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. डांबराचा थर देऊन गळती रोखलेला तो हौद सार्वजनिक होता. इंग्लंडमधील कोळसा-खाणीचा कामगार काजळीने माखलेला घरी येई. त्याची बायको चुलीवर पाणी तापवून पत्र्याचा टब भरी, त्याची पाठ घाशी आणि नंतर तो टब घासूनही ठेवी. खाणीच्या तोंडाशीच स्नानगृहे हवीत ही मागणी कामगारांनी लावून धरली. १९२६ च्या कायद्याने जमीनमालकांना कोळशावर मिळणाऱ्या रॉयल्टीवर पट्टी बसवून त्यांतून अशी स्नानगृहे बांधण्याची सोय झाली. कोळशाचा मळ कोळशाच्या नफ्यातून धुतला जावा, हा न्याय त्यामागे होता आणि त्याने कामगाराबरोबर त्याच्या बायकोचीही सुटका केली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमाने कामगारांसाठी धुण्याची पुरेशी, स्वच्छ सोय ठेवणे मालकावर बंधनकारक केले आणि २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही तशी तरतूद आहे. तेव्हा वैर सुखाशी नाही. वृद्धाला, संधिवाताने जखडलेल्या माणसाला, बाळंतिणीला टबातल्या कोमट पाण्याने आराम पडतो. तिथे तो अवश्य असावा. एकाच्या सुखाचा वाळलेला साका दुसऱ्याच्या वाट्याला का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर असतो. बंगले आहेत म्हणून तर गावातील बायांना काम मिळते, टब घासण्याचे काम गेले तर त्या खाणार काय? हाच युक्तिवाद एके काळी वेठबिगारीच्या समर्थनार्थ केला जात असे. आम्ही काम नाकारीत नाही, कामाची प्रतिष्ठा आणि अटी मागतो. घरकाम हे कष्टाचे, कौशल्याचे काम आहे. कुठल्या पृष्ठभागाला कोणते द्रव्य चालते, कशात काय मिसळू नये, हे जाणणारी स्त्री कारखान्यातील कुशल कामगाराहून कमी नाही. मग तिला ठरलेले वेतन, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा आणि संरक्षक साधने का नसावीत? १९८० साली पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी काम बंद ठेवून हा प्रश्न रस्त्यावर आणला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाच्या योजनांपुरता आहे, वेतन आणि कामाच्या अटी त्याने बांधून दिलेल्या नाहीत. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले आणि मान्यता देण्याचे काम मात्र लोंबकळत ठेवले. घर म्हणजे कारखाना नव्हे, तेथे कायदा कसा शिरणार, अशी सबब पुढे केली जाते. परंतु २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घरकामगार स्त्रीसाठी घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. एका प्रश्नापुरता कायदा उंबरठा ओलांडू शकतो, तर हातमोजे आणि रजेपुरता तो ओलांडावयास अडचण कोणती?

शेवटी स्वतःच्या अंगणाकडे पाहणे प्राप्त आहे. टब नसलेल्या घरातही मोरी असते, बालद्या असतात, शेवाळ धरणारी फरशी असते. पोलाद कारखान्यातून पाळी आटोपून आलेला कामगार, खारेपाटात चिखल तुडवून आलेला शेतकरी, सभेहून परतलेला कार्यकर्ता, हे तिघेही आंघोळ करून बाहेर येतात. मागे राहिलेली मोरी कोण घासते? वर्गशत्रूच्या न्हाणीघरातील शोषण ज्याला दिसते, त्याला स्वतःच्या मोरीतील शोषण दिसत नसेल तर त्याची दृष्टी अधू आहे. समतेची शपथ घेतलेल्या घरात मुलगा आणि मुलगी दोघांनाही न्हाणीनंतर फरशीवर झाडू फिरवावयास शिकविले, तर तेही पक्षकार्यच होय. पूर्वीच्या घरांत मोरीचे पाणी परसातल्या अळूला, केळीला आणि नारळाला जाई. घाण करणे आणि ती निस्तरणे यांचे वर्तुळ त्याच कुंपणात पुरे होत असे. त्या व्यवस्थेत बाईचे हाल होते, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आपले सांडपाणी कुठे जाते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, एवढी गोष्ट तिच्याकडून घेण्यासारखी आहे.

तेव्हा पेण, अलिबाग आणि रोहा या तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे काही साधी कामे आम्ही ठेवू इच्छितो. बंगल्यांत आणि वसाहतींत कामाला जाणाऱ्या स्त्रियांच्या गावोगाव बैठका घ्याव्यात व त्यांची कल्याण मंडळाकडे नोंदणी करून द्यावी. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, खिडकी उघडल्याशिवाय द्रव्य ओतू नये, छाती भरून आली तर काम टाकून बाहेर यावे, ही तीन वाक्ये ठळक मराठीत छापून प्रत्येकीच्या हाती द्यावीत. हातमोजे आणि सौम्य द्रव्ये मालकाने पुरवावीत, सोमवारच्या जादा कामाचा जादा मोबदला द्यावा, ही मागणी सर्वजणींनी मिळून करावी. एकटीने केली तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आणली जाईल. ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मागावा: गावाच्या वाट्याचे माणशी ५५ लिटर प्रत्यक्षात किती दिवस आले, आणि त्याच परिसरातील बंगल्यांना, जलतरण तलावांना किती गेले. आधी पिण्याचे, मग शेताचे, मग चैनीचे, हा क्रम ठरावाने मांडावा. आणि ज्याच्या घरी टब असेल, मग तो आपला सहानुभूतीदार का असेना, त्याने बाहेर पडण्यापूर्वी हाती फडके घेऊन दोन मिनिटे खाली वाकावे. मळ ओला आहे तोवर ते काम कुणालाही जमण्यासारखे आहे.